नव्याण्णवबाबांचा चिमटा

या, पुढं सरका. दारात उभं राहून गोष्ट ऐकू नये. अर्धी कानात जाते, अर्धी वाऱ्यावर. मांडी घालून नीट बसा. आज तुम्हाला एक चमत्कार सांगतो. शेकडो माणसांनी डोळ्यांनी पाहिलेला, यंत्रानं मोजलेला. तो कसा व्हायचा तेही सांगेन, हातचं काही राखणार नाही. मध्ये हसू आलं तर खुशाल हसा, मात्र संपेपर्यंत कुणी उठू नका. देवाचं नाव घेऊन सुरुवात करतो, कारण पुढं त्याच्या नावावर बरंच काही खपवलेलं ऐकावं लागणार आहे.

त्या वर्षी थंडी अशी पडली होती की नळाखाली हात धरला तर बोटं आपली आहेत की शेजाऱ्याची हे कळू नये. आणि त्याच थंडीत आमच्या गावाच्या टोकाला, जुन्या धान्याच्या वखारीत, बाबा अवतरले. अवतरले म्हणजे वीस वर्षं औषधाच्या दुकानात गोळ्यांच्या पुड्या बांधत होते, ते एक दिवस पांढरी शाल पांघरून वखारीत येऊन बसले. आठवडाभरात रांग लागली. महिन्याभरात रांगेला वळणं पडली. सकाळी आठला वखारीचं अंगण भरलेलं असायचं. म्हाताऱ्या, लेकुरवाळ्या, खोकणारे, धापा टाकणारे, आणि ज्यांना काहीच झालेलं नाही पण होऊ नये असं वाटतं तेही.

विधी साधा होता. अंगणात सावलीला पाण्याची मोठी टाकी. त्यात दोन्ही हात मनगटापर्यंत बुडवायचे आणि एकशे आठ अंक मोजायचे. त्याला म्हणायचं शुद्धी. मग ओल्या हातानं आत. आत मखमलीच्या गादीवर बोटाला लावायचा तो चिमटा ठेवलेला. तुम्ही पाहिला असेल दवाखान्यात. बोट आत घालायचं, लाल उजेड पडतो आणि रक्तात प्राणवायू किती ते आकड्यात दिसतं. बाबांचा एक शिष्य चिमटा लावी आणि खणखणीत आवाजात आकडा पुकारी.

"चौऱ्याऐंशी!"

गर्दी हळहळायची. चौऱ्याऐंशी म्हणजे काय हे फारसं कुणाला ठाऊक नव्हतं, पण परीक्षेत चांगले आणि इथं वाईट, एवढं पुकारणाऱ्याच्या सुरावरून कळायचं. मग बाबा तो थंडगार हात शालीखाली आपल्या दोन्ही तळव्यांत घेत, डोळे मिटत आणि बोलू लागत.

"श्वास म्हणजे काय? श्व म्हणजे उद्या, आणि आस म्हणजे आशा. उद्याची आशा तुमच्या नाकातून आत-बाहेर करते आहे! ती अडली. का अडली? बाधेनं. मी काही औषध देत नाही, पैसा घेत नाही. विज्ञान माझ्या दारात हात जोडून उभं आहे. पाहा, त्याचंच यंत्र सांगतं!"

"अठ्ठ्याऐंशी!" शिष्य पुकारी. "ब्याण्णव! शहाण्णव!" लोक पुढं झुकत. एखादी म्हातारी रडू लागे. आणि शेवटी, "नव्याण्णव!"

जयजयकार. शंभर कधीच होत नसे. कुणी विचारलं तर बाबा मंद हसत. "शंभरावा श्वास देवाचा. त्यावर माझा हक्क नाही." या एका वाक्यावर माणसं लोळण घेत. नाव पडलं नव्याण्णवबाबा.

मी तेव्हा रुग्णवाहिकेवर परिचर होतो. दिवसातून दहा-बारा वेळा तोच चिमटा लोकांच्या बोटांना लावायचा. त्यामुळे मला काही बाबांच्या पाया पडावंसं वाटलं नाही. पण माझी अक्का पडत होती.

अक्का माझी थोरली बहीण. आई गेली तेव्हा मी चार वर्षांचा. अक्कानं मला वाढवलं, मारलं, शिकवलं आणि नोकरीला लागलो त्या दिवशी माझ्यापेक्षा जास्त रडली. ती आणि दाजी इस्त्रीचं दुकान चालवायची. पुढं गिऱ्हाइकाची फळी, मागं दहा बाय दहाची खोली, तिथं दोन कोळशाच्या इस्त्र्या आणि निखाऱ्यांची शेगडी. झोपायचंही तिथंच. दाजी शब्दांचा कंजूष माणूस. दिवसभरात चार वाक्यं बोलायचा आणि त्यातली दोन माझी चेष्टा करण्यात घालवायचा. माझा गणवेश मात्र अशा कडक घडीनं द्यायचा की रुग्णसुद्धा मला डॉक्टर समजत.

थंडी सुरू झाली तशी अक्काचं डोकं दुखायला लागलं. मळमळ, गरगर, हातपाय जड.

"डॉक्टरला दाखव, अक्का."

"दाखवलं की. त्यानं गोळी दिली, गोळीनं पोट धरलं. बाबांकडे गेलं ना बारक्या, की रांगेत उभ्या-उभ्याच डोकं उतरतं. आत जायच्या आधीच! तुझा डॉक्टर तपासायच्या आधी बरं करतो का रे?"

ती खोटं बोलत नव्हती. मी स्वतः एकदा तिला वखारीत सोडून आलो होतो. जाताना चेहरा ओढलेला, येताना टवटवीत.

"मेव्हणे," दाजी इस्त्री फिरवत म्हणाला, "तुम्ही माणसं आडवी नेता. बाबा उभी आणतात."

"आणि रोज परत का जावं लागतं मग?"

"देवळात एकदाच जातोस का तू?" अक्का म्हणाली. तिनं मला तिथंच आडवं केलं.

बाबांनी तिला उपायही सांगितला होता. तुमच्या खोलीला उत्तरेची खिडकी आहे, तिच्यातून बाधा येते, ती बंद करा. थंडीत कुणाची तरी खिडकी उत्तरेला असतेच आणि उत्तरेचा वारा बोचतोच, त्यामुळे हा उपाय बाबा निम्म्या गावाला सांगत. दाजीचे थोरले बंधू बांधकामावर मुकादम. त्यांनी स्वतः फळी आणून खिडकी ठोकून दिली. खोली उबदार झाली. अक्का खूश झाली. मीही खूश झालो, हे कबूल करतो.

आता आमच्या रुग्णवाहिका केंद्राची गोष्ट सांगायला हवी, नाहीतर पुढचं समजणार नाही. आमच्याकडे एक बाई होत्या. नव्या पोरांना शिकवणं त्यांच्याकडे आणि सगळे कागद त्यांच्याकडे. प्रत्येक फेरीचा एक कागद असतो. फोन कधी आला, गाडी कधी पोचली, काय दिसलं, काय केलं. आम्ही तो गाडीच्या बोनेटवर कसाबसा खरडायचो. बाई तो वाचायच्या. सगळे वाचायच्या, वर्षानुवर्षांचे. पोरांनी त्यांचं नाव ठेवलं होतं वाळवी.

"तुम्ही धावता ते सगळ्यांना दिसतं," त्या म्हणायच्या. "धावून काय झालं ते फक्त कागदाला ठाऊक असतं."

त्यांनी एक गठ्ठा वेगळा काढला होता. ज्या फेऱ्यांवर आम्ही रुग्णाला न आणताच परतलो, त्यांचा. नियम असा होता की बोटावरचा आकडा चौऱ्याण्णवच्या वर असेल, माणूस शुद्धीवर असेल आणि घरचे नको म्हणत असतील, तर सही घेऊन परत यावं. दोन हिवाळ्यांत असे त्रेसष्ट कागद, ज्यांवर डोकेदुखी, उलटी, गरगरणं लिहिलेलं आणि आकडा अठ्ठ्याण्णव, नव्याण्णव. त्यातल्या नऊ घरांतून दोन दिवसांत पुन्हा फोन आला होता. त्या नऊपैकी चार ठिकाणी आम्ही प्रेत उचललं होतं.

बाई त्या चारही घरी गेल्या होत्या. चारही घरांत कोळसा जळत होता आणि खिडकी बंद होती. त्यांनी वरच्या कार्यालयाला लिहिलं की नियम बदला. उत्तर आलं, पुरावा पुरेसा नाही, आणखी माहिती गोळा करावी.

"आणखी माहिती म्हणजे आणखी चार," बाई म्हणाल्या आणि कागद घडी करून ठेवला.

मी त्यांच्याशी वाद घातलाय. "बाई, आकडा नव्याण्णव असताना माणसाला फरफटत आणायचं का?"

"खोलीत काय जळत होतं ते बघितलंस?"

"त्याला कागदावर रकाना नाही."

"रकाना नाही म्हणून डोळेही नाहीत?"

मला तेव्हा त्यांचं बोलणं फाजील वाटलं.

मग ती सकाळ उजाडली. साडेसातला फोन आला आणि पत्ता अक्काच्या दुकानाचा. शेजारणीनं केलेला. आम्ही सहा मिनिटांत पोचलो, हे कागदावर आहे. मागच्या खोलीत अक्का भिंतीला टेकून बसलेली, समोर उलटीची बादली. दाजी शेगडीजवळ, गुंगीत असल्यासारखा. दोघांचे गाल लालसर. मला ती शेगडीच्या उबेची लाली वाटली.

मी चिमटा लावला. अक्का नव्याण्णव. दाजी नव्याण्णव.

"बघ," अक्का ओठ हलवत म्हणाली. "बाबांचाच आकडा. नऊला रांगेत उभी राहते, मग बरी."

"तरीपण चल."

"मुकादमभाऊजी काय म्हणतील? बाबांना सोडून दवाखाना? जा तू. तुझी गाडी अडवून बसू नकोस, कुणाला खरंच गरज असेल."

दाजीनं डोळे उघडले. "सही कुठं करू, मेव्हणे?"

त्यानं सही केली. वाकडी झाली, तो नेहमी सरळ करायचा. मी पाहिलं आणि पाहिलं नाही. दहा मिनिटं त्या खोलीत बसून माझंही डोकं जड झालं होतं. बाहेर गाडीत बसल्यावर थंड वारा लागला आणि मोकळं वाटलं. कागदावर मी लिहिलं, प्रकृती स्थिर, आकडा ९९, घरच्यांचा नकार, परत.

बाबावर माझा काडीचा विश्वास नव्हता. आकड्यावर होता. बाबाला मी हसत होतो आणि त्याच्याच देवाला नमस्कार करून आलो होतो.

दुसऱ्या दिवशी अकराला फोन आला. दुकान उघडलं नाही, आतून कुणी ओ देत नाही. त्या दिवशी बाई आमच्या गाडीवर होत्या. त्यांच्याकडे प्रयोगासाठी एक छोटं यंत्र आलं होतं, काड्यापेटीएवढं. कोळशाचा विषारी वायू हवेत असेल तर ओरडतं. ते त्यांनी आमच्या पिशवीच्या पट्ट्याला अडकवलं होतं. मी दार फोडलं आणि उंबऱ्यावर पाऊल टाकलं तोच ते किंचाळायला लागलं.

"बाहेर!" बाई ओरडल्या. "दार उघडं ठेव. श्वास धरून आत जा, अक्काला ओढ!"

मी अक्काला ओढलं. मग दाजीला. दाजी थंड होता. गाल मात्र तसेच, गुलाबी, जणू आताच कुणीतरी त्याची चेष्टा केली आहे.

अक्काचा श्वास चालू होता. मी मास्क लावला, पूर्ण प्राणवायू सोडला. गाडीत सवयीनं चिमटाही लावला.

नव्याण्णव.

बाईंनी तो आकडा पाहिला आणि हलकेच चिमटा काढून घेतला. तेवढी दया त्यांनी केली.

आता खरी गोष्ट सुरू होते. दुपारी दोनची वेळ. अक्का दवाखान्याच्या वॉर्डात, तोंडावर मास्क, बेशुद्ध. डॉक्टरनं रक्त तपासलं. चिमट्यानं नव्हे, रक्त काढून, वेगळ्या यंत्रात. मला म्हणाला, "अडतीस टक्के. मास्क सहा तास तरी हलवायचा नाही. हलवला तर जीव जाईल किंवा मेंदू जाईल." मी अक्काच्या उशाशी उभा राहिलो.

आणि जिन्यावर गलका झाला. मुकादम आले. मागं तीस-चाळीस माणसं, आणि मध्ये शाल पांघरलेले बाबा. मुकादमांचे डोळे सुजले होते. सख्खा भाऊ खाली शवागारात होता.

"एक गेला," ते मला म्हणाले. "ही तरी वाचू दे. बाबा स्वतः चालत आलेत."

बाबांनी खिशातून चिमटा काढून अक्काच्या बोटाला लावला. शिष्यानं सवयीनं पुकारलं. "नव्याण्णव!"

"पाहिलंत?" बाबा म्हणाले. "श्वास पूर्ण आहे. माझ्या आशीर्वादानं कालपासून टिकून आहे. मग तोंडावर हे बूच कशाला? आतली बाधा बाहेर पडणार कुठून? काढा ते, हिला वखारीत आणा. सूर्यास्तापर्यंत बोलेल."

"मुकादम, रक्त तपासलंय," डॉक्टर म्हणाला. "आकडा खोटा आहे."

"तुमच्याच दवाखान्यात हाच चिमटा लावता ना, डॉक्टर? तुमचा आकडा खरा आणि बाबांचा खोटा?"

खरं सांगतो, त्या क्षणी डॉक्टरकडे उत्तर होतं पण ते चाळीस माणसांना पेलेल असं नव्हतं. मुकादम घरातले थोरले. रुग्णाला आपल्या जबाबदारीवर घरी नेण्याच्या कागदावर सही करायला त्यांनी पेन काढलं. दुसरा हात मास्कच्या पट्ट्यावर ठेवला. मी त्यांचं मनगट धरलं. गर्दीतून कुणीतरी माझी कॉलर धरली.

"दहा मिनिटं द्या." दारातून बाईंचा आवाज आला. हातात बादली, बादलीत पाणी, पाण्यात औषधांच्या फ्रिजमधला बर्फ. "दहा मिनिटांत मी खोटी ठरले तर मास्क मी स्वतः काढीन."

माझ्या बहिणीच्या जिवावर बाई पैज लावत होत्या.

"बाई, आमच्या घरी मयत झालीय आणि तुम्ही खेळ मांडता?" मुकादम म्हणाले.

"खेळ दोन महिने चालला होता, मुकादम. आता मोजणी आहे. हात द्या तुमचा. कोरडा."

त्यांनी मुकादमांच्या बोटाला चिमटा लावला. बाबांचाच. "पुकारा हो," त्या शिष्याला म्हणाल्या.

"अठ्ठ्याण्णव," शिष्य पुटपुटला.

"शुद्धी नाही, मंत्र नाही, अठ्ठ्याण्णव. आता घाला हात बादलीत. मोजा एकशे आठ. सावकाश."

मुकादमांनी मोजलं. शंभराच्या पुढं दात वाजत होते. ओल्या बोटाला चिमटा लागला. आधी नुसत्या रेघा दिसल्या, मग आकडा.

"त्र्याऐंशी," शिष्याचा आवाज खाली गेला.

"मुकादम, तुम्ही मरायला टेकलात," बाई म्हणाल्या. "दम लागलाय?"

"छे."

"हात पुसा आणि काखेत घाला. आता आपण सगळे गप्प बसू. मंत्र कुणी म्हणायचा नाही."

वॉर्डात नुसता अक्काच्या मास्कचा आवाज. चार मिनिटं गेली असतील. बाईंनी पुन्हा चिमटा लावला. या वेळी आकडा मुकादमांनी स्वतः वाचला.

"सत्त्याण्णव."

"तुमच्या काखेत कोणते बाबा बसलेत?"

कुणीतरी फिसकन हसलं आणि लगेच गप्प झालं.

"बोटं गारठली की रक्त बोटाकडे नीट येत नाही," बाई म्हणाल्या. "चिमटा चाचपडतो आणि चुकीचा आकडा दाखवतो. ऊब मिळाली की आकडा जागेवर. आधी टाकीत गारठवायचं, मग शालीत शेकायचं. बाबा, या थंडीत तुमचे तळवे इतके गरम कसे हो? शाल जरा बाजूला करता?"

बाबा मागं सरले. मागं चाळीस माणसं उभी. सरायला जागा कुठं? शाल ओढली गेली आणि पोटाला बांधलेली गरम पाण्याची रबरी पिशवी धपकन फरशीवर पडली. बूच निघालं. पाणी वाहत जाऊन पहिल्या रांगेतल्या भक्तांच्या पावलांपर्यंत पोचलं. ते गरम आहे हे त्यांना कुणी सांगावं लागलं नाही.

"मला... पोटदुखीचा त्रास आहे," बाबा म्हणाले.

"असेल," बाई म्हणाल्या.

पण मुकादम अजून पट्ट्यावरचा हात काढत नव्हते. "ठीक आहे. बाबा लबाड. मान्य. पण हिचा हात तर गरम आहे आणि आकडा नव्याण्णव. हा आकडा तर कुणी शेकला नाही? मग मास्क कशाला?"

प्रश्न बरोबर होता. मुकादम मूर्ख नव्हते. तुम्हीही आता हाच प्रश्न मनात धरून बसला असाल.

"रक्तात बाकडी आहेत असं धरा," बाई म्हणाल्या. "त्यावर प्राणवायूनं बसायचं आणि अंगभर फिरायचं. कोंडलेल्या खोलीत कोळसा जळला की एक वेगळा वायू होतो. रंग नाही, वास नाही. तो आधी जाऊन बाकडी अडवतो आणि उठता उठत नाही. चिमट्याला एवढंच कळतं की बाकडं भरलंय. कोण बसलंय ते त्याला ओळखता येत नाही. हिच्या शंभरातली अडतीस बाकडी त्या वायूनं अडवलीत. मास्कमधून जोरानं प्राणवायू दिला तरच तो उठतो."

"आणि बाबांकडे गेल्यावर डोकं उतरायचं ते?" गर्दीतली एक म्हातारी म्हणाली. "मीही जाते. माझंही उतरतं."

"तुमच्या घरी कोळसा पेटतो?"

"पेटतो."

"घरातून निघायचं, अर्धा तास चालायचं, दोन तास उघड्या अंगणात उभं राहायचं. बाबा नसते तरी उतरलं असतं. वारा होता ना तिथं."

"हे तुम्ही म्हणता," मुकादम म्हणाले. "पुरावा काय?"

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. त्यांच्या हातात फाइल होती, पण ती त्यांनी उघडली नाही. तो कागद मीच द्यायचा, असं त्यांना म्हणायचं होतं.

मी फाइल घेतली. वरचाच कागद काढला.

"काल सकाळी सात एकेचाळीस," मी वाचलं. "रुग्ण पुरुष. आकडा नव्याण्णव. प्रकृती स्थिर. परत." मी कागद मुकादमांपुढं धरला. "खाली दाजीची सही आहे. आणि माझी. मी बघून आलो होतो, मुकादम. नव्याण्णव होता. बाबांनी नाही, मी लावला होता चिमटा. नव्याण्णव असताना तो मेला."

मुकादमांनी तो कागद घेतला, भावाच्या वाकड्या सहीवर अंगठा ठेवला.

"त्याला मनात शंका होती," बाबा हळूच म्हणाले. "शंकेनं श्वास—"

"हवेला यायला त्या खोलीत एकच वाट होती," बाई मुकादमांना म्हणाल्या. ती वाट कुणी बुजवली, हे बाईंना बिचाऱ्यांना ठाऊक नव्हतं. "उत्तरेची खिडकी. तिच्यावर कुणीतरी नवी फळी ठोकलीय."

मुकादमांचा हात मास्कच्या पट्ट्यावरून खाली आला.

"सहा खिळे," ते म्हणाले. "मी ठोकले."

मला वाटलं ते बाबांच्या अंगावर जातील. बाबांनाही तसंच वाटलं; ते भिंतीला चिकटले. पण मुकादम अक्काच्या खाटेपाशी ओल्या फरशीवर मटकन बसले आणि डॉक्टरला म्हणाले, "मास्क राहू द्या. सहा तास काय, सहा दिवस राहू द्या."

गर्दी कशी पांगली ते मला आठवत नाही. बाबा त्याच संध्याकाळी गाव सोडून गेले. दोन महिन्यांनी कळलं की दुसऱ्या एका गावात शाल पांघरून बसलेत. चिमटा तोच. आमच्याही गावात आजही चार-दोन माणसं सांगतात की दाजीच्या मनात शंका होती म्हणून तो गेला. माणसाला चूक मान्य करण्यापेक्षा मेलेल्याला दोष देणं सोपं जातं.

बाईंनी त्रेसष्ट कागदांत माझा चौसष्टावा घातला, आणखी दोन केंद्रांचे कागद मागवून ताडून पाहिले आणि पुन्हा वर पाठवले. या वेळी नियम बदलला. आता आकडा लिहिण्याआधी तीन ओळी भराव्या लागतात. खोलीत काय जळतंय, हवा कुठून येते, घरात आणखी कुणाला असंच होतंय का. प्रत्येक पिशवीला ते ओरडणारं यंत्र असतं. मी नव्या पोरांना शिकवतो तेव्हा माझा कागद त्यांना वाचून दाखवतो. सहीसकट.

माझं सांगणं एवढंच आहे, मंडळी. देव मानता, माना. मीही मानतो, आणि त्या दिवसानंतर जास्तच मानतो, कारण क्षमा मागायला माझ्याकडे आता कारण आहे. पण कुणी चमत्कार दाखवला तर त्याला म्हणा, आधी हात पुसून दाखव. कुणी यंत्राचा आकडा दाखवला तर विचारा, हे यंत्र मोजतं काय आणि त्याला दिसत नाही काय. आणि थंडीत निखारा पेटवला तर खिडकी उघडी ठेवा. बोचू दे वारा.

अक्का वाचली. सहा आठवड्यांनी घरी आली. चालते, जेवते, मला बारक्या म्हणते. पण मास्क लागण्याआधीच त्या वायूनं तिच्या मेंदूला घाव घातला होता; नवं काही तिच्या डोक्यात टिकत नाही. रोज संध्याकाळी दाराकडे बघून विचारते, "हे अजून कसे आले नाहीत रे?" पहिले काही दिवस मी खरं सांगायचो. ती दर वेळी पहिल्यांदा ऐकल्यासारखी कोसळायची. रोज नव्यानं विधवा व्हायची. मग मी सांगणं सोडलं. म्हणतो, कपडे पोचवायला गेलाय, येईल. खोटं बोलतो. देव मला माफ करील की नाही ठाऊक नाही.

म्हणून तुम्हाला बसवून घेतलं. तो माणूस गेला, हे त्याच्या बायकोला आठवत नाही. भावाला आठवतं, पण तो त्याचं नाव तोंडातून काढत नाही. तेव्हा तुम्ही आठवा. आमचा दाजी. इस्त्रीवाला. मोजकं बोलायचा, अक्काला भूक लागली की तिच्या आधी त्याला कळायचं, आणि शेवटची सही करताना त्यानं मला विचारलं होतं, कुठं करू. घरी गेलात की एकदा त्याची आठवण काढा.